तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फमध्ये स्विंग (क्लब मागे नेऊन बॉलला मारण्याची पूर्ण हालचाल) चालू असताना लक्ष कुठे ठेवायचं?

नुकते शिकायला लागलेले आणि कित्येक वर्षं खेळणारे, दोघंही हाच प्रश्न विचारतात. बॉलसमोर उभं राहून क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेला, की मनात नेमकं काय असावं? बॉल, हात, डोकं, भोकातला झेंडा, की काहीच नाही? माझं उत्तर असं: लक्ष शरीराबाहेर ठेवा, एकाच गोष्टीवर ठेवा, आणि ती गोष्ट क्लब हलण्याआधी ठरवून टाका. ती कुठली, हे फटका कोणता आहे आणि तुमचा हात किती बसलाय यावर अवलंबून आहे. गोंधळ होतो तो तिथेच.

आधी वेळेचा हिशेब बघा. चांगल्या खेळाडूचा पूर्ण स्विंग साधारण 1 सेकंदात आटोपतो: वर जायला (बॅकस्विंग) पाऊण सेकंद, खाली यायला (डाउनस्विंग) पाव. क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ तर सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. काहीतरी बिघडलंय हे जाणवून स्नायूंपर्यंत नवा हुकूम पोचायलाच सुमारे 0.2 सेकंद जातो. त्यामुळे खाली येताना 'मनगट लवकर सुटलं' असं लक्षात आलं तरी ते सावरायला वेळ शिल्लक नसतो. उलट सावरायच्या धडपडीत हात आखडतो आणि फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. डाउनस्विंगमध्ये विचार करून काही मिळत नाही. जे काही ठेवायचं ते बॅकस्विंग सुरू होतानाच मनात हवं.

आता त्या प्रसिद्ध सूचनेकडे वळू: 'डोकं खाली ठेव.' रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कोणीही टॉप मारला, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर लागला, की शेजारच्या मॅटवरून हा सल्ला फुकट येतो. माझ्या मते हौशी खेळाडूंचं जितकं नुकसान या तीन शब्दांनी केलंय तितकं दुसऱ्या कशानेही नाही. डोकं घट्ट धरलं की खांदे पुरते वळत नाहीत, वजन उजव्या पायावर अडकतं आणि स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. मग क्लब एक तर आधी जमिनीत घुसतो, नाही तर वर यायला लागलेला असताना बॉलच्या डोक्यावर बसतो. म्हणजे ज्या टॉपवर उपाय म्हणून डोकं खाली धरलं, तोच टॉप परत मिळतो. अ‍ॅनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड ड्युव्हल यांचं डोकं बॉलला क्लब लागायच्या सुमारालाच लक्ष्याकडे वळलेलं असायचं. दोघंही जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोचले. (ही सगळी वर्णनं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या घ्याव्यात.)

त्याऐवजी लक्ष कुठे न्यावं? आयर्न (मधल्या आणि छोट्या अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) हातात असेल तर बॉलच्या पुढच्या गवतावर. चांगल्या खेळाडूच्या मधल्या आयर्नचा खालचा बिंदू बॉलच्या पुढे सुमारे 8 ते 10 सेंटिमीटरवर असतो, म्हणून डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताचा खड्डा) बॉलच्या जागेपासून सुरू होऊन पुढे जातो. 'बॉलच्या पुढचं चार बोटं गवत कापायचं' एवढंच मनात धरलं, की वजन आपसूक डाव्या पायावर येतं आणि हात बॉलच्या पुढे राहतात. यातलं एकही शरीराला वेगळं सांगावं लागत नाही.

हा नुसता कोचचा अनुभव नाही, त्यावर बरंच संशोधन झालंय. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये कधीच गोल्फ न खेळलेल्या लोकांना 9 आयर्नने छोटे पिच शॉट (उंच उडणारे जवळचे फटके) शिकवले. एका गटाला हातांच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबहेडच्या. क्लबहेडवाले जास्त अचूक निघाले, आणि नंतर कुठलीही सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही ते पुढेच राहिले. 2009 मध्ये बेल आणि हार्डी यांनी कसलेल्या खेळाडूंवर चिप शॉटचा (भोकाजवळून मारायच्या छोट्या, बुटक्या फटक्याचा) प्रयोग केला. मनगटावर लक्ष, क्लबफेसवर लक्ष आणि बॉलच्या उड्डाणावर लक्ष अशा तीन तऱ्हा होत्या. उड्डाणावर लक्ष ठेवणारे सर्वांत अचूक ठरले, मनगटवाले सर्वांत मागे. मुद्दाम दडपण आणल्यावरही उड्डाणवालेच पुढे राहिले. कारण असं सांगितलं जातं, की एखाद्या अवयवाकडे जाणून लक्ष दिलं की जे काम शरीर स्वतःहून सुरळीत करत असतं त्यात मन ढवळाढवळ करायला लागतं, आणि एकमेकांशी जुळवून चालणारे स्नायू सुटे सुटे चालायला लागतात.

मात्र सगळे निकाल एकाच बाजूचे नाहीत. पर्किन्स-सेकाटो आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासात कसलेले खेळाडू बाहेरच्या लक्षाने चांगले खेळले, पण कच्च्या खेळाडूंचे फटके हालचालीवर लक्ष ठेवल्यावर जास्त सारखे पडले. बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या पटिंगच्या (बॉल जमिनीवरून घरंगळवत भोकाकडे मारण्याच्या) प्रयोगातही 'लवकर मारा' म्हटल्यावर कसलेल्यांचं पटिंग सुधारलं आणि नवख्यांचं बिघडलं. ज्याच्या अंगात हालचाल मुरलेलीच नाही त्याला थेट झेंड्याकडे बघायला सांगून उपयोग नाही. म्हणून माझ्या मते हँडिकॅप (खेळाडू किती कच्चा हे सांगणारा आकडा) कमी होईल तसं लक्षाचं अंतर वाढवत न्यावं. पहिले काही महिने क्लबहेड आणि जमीन पुरे. क्लब कुठे लागतोय हे कळायला लागलं, की बॉलच्या पुढची खूण घ्या. बॉल बहुतेक वेळा ठरवलेल्या दिशेने निघायला लागला, की मग उड्डाण आणि बॉल टेकायची जागा. तीस हँडिकॅपच्या माणसाने टीव्हीवरच्या खेळाडूसारखं 'फेडचा (शेवटी हलकेच उजवीकडे वळणाऱ्या फटक्याचा) आकार डोळ्यांपुढे आणायचा' म्हणून उभं राहणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबसाठी) मला सर्वांत भरवशाची वाटते ती दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस यांची पद्धत. ते बॉलच्या मागे उभं राहून लक्ष्याची रेष बघायचे आणि त्या रेषेवर बॉलच्या पुढे थोड्याच अंतरावर एखादं पान, काडी किंवा जुना डिव्हट हेरायचे. 220 मीटरवरच्या झाडापेक्षा हातभर लांबच्या काडीवर क्लबफेस सरळ ठेवणं सोपं जातं. पूर्ण फटक्यात बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो, म्हणून 'बॉल त्या काडीवरून गेला पाहिजे' हा विचार नेमका कामाच्या जागी पडतो. लांबचं लक्ष्यही बारीक हवं. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्ससारख्या झाडांनी वेढलेल्या ठिकाणी 'फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधे' हे काही लक्ष्य झालं नाही. एक झाड, आणि त्या झाडाची एक फांदी.

चिपसाठी बॉल पहिल्यांदा टेकेल ती जागा, रुमालाएवढी. भोकाकडे लक्ष गेलं की फटका लांब जातो, कारण बॉलच्या घरंगळण्याचा हिशेब मन धरतच नाही. पावसाळ्यात हे आणखी महत्त्वाचं. ओल्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) बॉल टेकतो तिथेच बसतो, त्यामुळे टेकायची जागा झेंड्याच्या बरीच जवळ घ्यावी लागते. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वाळूचा पट्टा: बॉलच्या मागे 5 सेंटिमीटरपासून पुढे तेवढंच. बॉलकडे बघितलंत की बॉलच लागेल आणि तो थेट समोरच्या काठात जाईल.

पटिंगमध्ये डोळे आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. जोन विकर्स यांनी 1992 मध्ये पट मारणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले खेळाडू मारण्याआधी बॉलवर नजर स्थिर ठेवतात, साधारण 2 सेकंद, आणि बॉल निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच ठेवतात. कच्च्यांची नजर बॉल, पटर, भोक अशी भिरभिरते. नजर बॉलवर असावी हे खरं, पण मन बॉलवर असावं असं नाही. मनात वेग हवा. 3 मीटरच्या पटला फेस 1 अंश वाकडा झाला तर बॉल 5.2 सेंटिमीटर बाजूला जातो, आणि भोकाची त्रिज्या 5.4 सेंटिमीटर. म्हणजे दिशेत तेवढी चूक खपून जाण्याची आशा असते. 10 मीटरवरून 3 मीटर आखूड राहिलेला पट मात्र दुसऱ्या पटलाही घाम फोडतो. दिशा मागून बघून घ्या, बॉलवरची रेघ त्या दिशेला लावा आणि विषय संपवा. मारताना फक्त बॉल किती घरंगळत जाऊन थांबेल याचं चित्र. दीड मीटरच्या आतला पट असेल तर भोकाच्या काठावरचं एक पातं, जिथून बॉल आत जाणार. नामवंत खेळाडू जॉर्डन स्पीथ तर छोटे पट बॉलऐवजी भोकाकडे बघून मारायचा. हात थरथरणाऱ्यांनी एकदा करून बघायला हरकत नाही, मात्र आधी सरावाच्या ग्रीनवर.

'पाण्यात नको' हा विचारही लक्षच आहे, फक्त चुकीच्या जागी गेलेलं. वेग्नर आणि सहकाऱ्यांच्या 1998 च्या प्रयोगात लोकांना पट लांब मारू नका असं सांगितलं होतं. त्याच वेळी त्यांना सहा अंकी आकडा लक्षात ठेवायला दिल्यावर बॉल नेमका लांब गेला. मन दुसरीकडे गुंतलं की मनाई केलेलीच गोष्ट घडते, आणि कोर्सवर मन नेहमीच कुठे ना कुठे गुंतलेलं असतं. कॅडीने (क्लब वाहणाऱ्या सोबत्याने) 'सर, उजवीकडे ओबी आहे', म्हणजे तिकडे कोर्सची हद्द संपते, असं म्हटलं, तर त्याला लगेच विचारा, 'बरं, मग मारू कुठे?' तो 'डावीकडच्या बंकरच्या कोपऱ्यावर' म्हणाला की तो कोपरा घ्या आणि ओबीला तिथेच सोडून द्या.

हे लक्ष टिकवायचं तर वेळ फार जाऊ देऊ नये. एक फटका 40 सेकंदांत मारावा असं नियमांतच सुचवलंय. अंतर, वारा, क्लब, लक्ष्य हा सगळा विचार बॉलच्या मागे करावा. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षिका विचार करायची जागा आणि खेळायची जागा यांच्यात चक्क एक रेष कल्पायला सांगतात. ती ओलांडून बॉलपाशी आलात की नवा विचार बंद. पाय लावून उभं राहिल्यावर 6-7 सेकंदांहून जास्त वेळ गेला, की कोपर, ग्रिप, गुडघे एकेक करून हजेरी लावायला लागतात. असं झालं तर खुशाल मागे या आणि पुन्हा सुरुवात करा. बरोबरचे थोडे वैतागतील, पण बॉल शोधण्यात जाणाऱ्या तीन मिनिटांपेक्षा हे परवडतं.

स्पर्धेत शेवटच्या होल्सवर बाहेरची खूणही मनात ठरत नाही, तेव्हा लय उपयोगी पडते. क्लब वर पोचताना मनात 'वर', बॉलला लागताना 'गेला'. दोन शब्द, बाकी काही नाही. ते ठरल्या जागी पडायला हवेत एवढ्यातच मन गुंतून राहतं, आणि घाईने वरून ओढून मारण्याची सवय आपोआप कमी होते.

शरीराचा विचार कधीच करू नये असं मी म्हणत नाही. ग्रिप बदलायची असेल किंवा स्विंगची वाट बदलायची असेल, तर तो करावाच लागतो. तो घरी आरशासमोर, बॉल न ठेवता, अर्ध्या वेगाने करावा. रेंजवर जाताना मात्र त्या सूचनेला बाहेरचं रूप द्या. 'डावा हात सरळ' याऐवजी 'क्लबहेड अंगापासून लांबून फिरव'. 'कंबर वळव' याऐवजी 'शेवटी पट्ट्याचं बक्कल झेंड्याकडे'. 'वजन डावीकडे' याऐवजी 'डाव्या बुटाखालची जमीन दाब'. हालचाल तीच होते, पण शरीर ती स्वतःच्या पद्धतीने करतं.

कोणाचं ऐकायचं हे ठरवण्यापेक्षा स्वतःवर तपासून बघा. 7 आयर्न आणि 30 बॉल घ्या. बॉलच्या मागे 10 सेंटिमीटरवर एक घडी केलेला टॉवेल ठेवा, कारण रेंजची मॅट फसवते: क्लब आधी मॅटवर आपटला तरी घसरून बॉलला लागतो आणि फटका बरा वाटतो. दहा बॉल गवत कापण्याच्या विचाराने, दहा पुढच्या खुणेवर, दहा उड्डाणावर. पण सलग दहा नकोत, तिन्ही आळीपाळीने मारा, नाही तर शेवटचे दहा नुसतं अंग मोकळं झाल्यामुळे चांगले पडतील. दर वेळी दोनच गोष्टी लिहा: टॉवेलला लागला का, आणि बॉल ठरवलेल्या रेषेवर निघाला का. किती लांब गेला हे लिहू नका, लांबी बघायला लागलात की लक्ष पुन्हा हातांत येतं. दुसऱ्या दिवशी हेच पिचिंग वेज या छोट्या क्लबने करा. छोट्या क्लबला आणि लांब क्लबला वेगवेगळं उत्तर येणं अगदी शक्य आहे, आणि आलं तर दोन्ही ठेवा.