एकवीस गुणांची गोष्ट

विसरण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या तपासणीचं काम मी करते, मानसशास्त्रज्ञ म्हणून. ही हकिगत एका काकूंची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ७१. सोबत मुलगा. काकू नीट टेकायच्या आतच त्याने सुरुवात केली. गॅस बंद करायचा राहतो, एकच गोष्ट दोनदा सांगते, नावं आठवत नाहीत. "मी रोज सकाळी उठल्या उठल्या तारीख-वार विचारतो, आता तेही चुकतं." काकू मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडवत ऐकत होत्या. त्यांच्यादेखत चाललेलं हे बोलणं मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाहीच, वर माझं रोजचं वाक्य म्हटलं, "काकू, आता आपण तुमची स्मरणशक्ती तपासणार आहोत."

मोका नावाची चाचणी ३० गुणांची असते. २६ किंवा जास्त आले तर साधारण ठीक समजतात. शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं. त्र्याण्णव म्हणाल्या, शहाऐंशी म्हणाल्या, मग मुलाकडे बघितलं. तो कपाळाला हात लावून बसला होता. पुढचा आकडा आलाच नाही. वाचून दाखवलेले पाच शब्द पाचेक मिनिटांनी विचारले, तर माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, "नाही आठवत." क्षणभरसुद्धा शोधलं नाही त्यांनी. एकूण २१.

मुलगा गाडी आणायला गेला. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले, तर काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या आधी आलेल्या बाई निळी फाईल विसरून गेल्यात हो. कोपऱ्यातल्या खुर्चीखाली आहे. त्यांना दुपारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं होतं ना? लागेल त्यांना." मी जाऊन बघितलं. फाईल तिथेच होती. तासाभरापूर्वी कानावर पडलेलं परक्या बाईचं बोलणं त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं.

मी विचारलं, "काकू, मघाशी मी ते पाच शब्द वाचत होते, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"शब्द कुठे ऐकत होते मी? आमच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. शेवटी आम्हाला कुणालाच ओळखेनात. आता माझी पाळी, एवढंच."

मी त्या रात्री नीट झोपले नाही. अशा भीतीने गुण घसरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणूनच जास्त लागलं. २०१२ साली हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी साठ ते सत्तर वयाच्या लोकांचा प्रयोग छापला. ज्यांना आपण इथे वयस्कर आहोत असं जाणवून दिलं होतं आणि वयाबरोबर बुद्धी सगळ्याच बाजूंनी उतरते असं वाचायला दिलं होतं, त्यांतले ७० टक्के स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत त्या आजाराच्या निकषात बसले. बाकीच्या गटांत हेच प्रमाण सरासरी १४ टक्के. गट लहान होते, पण फरक केवढा! त्याआधी २००१ मध्ये रहाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की सूचनांमधून स्मरणशक्तीवरचा भर काढला तर तरुण आणि वृद्धांमधला फरकच दिसेनासा होतो. मनातली भीती लक्षाचा मोठा वाटा खाऊन टाकते. शब्द मनात ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय चुकीचं बोलून हसं होण्यापेक्षा "नाही आठवत" म्हणणं माणसाला सोपं वाटतं.

वरिष्ठांशी बोलून काकूंना काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. चाचणीची पर्यायी आवृत्ती असते, ती घेतली. तिच्या सूचना छापील शब्दांतच वाचाव्या लागतात. "ही स्मरणशक्तीची चाचणी आहे" हे वाक्यही त्यांतच आहे, ते टाळता येत नाही. पण त्याआधीचं बोलणं माझं असतं. मुलाला बाहेर बसवलं. काकूंना सांगितलं, की यातली काही कामं अवघड आहेत, तरुणांचीही चुकतात, मनात येईल ते सांगा. सासूबाईंबद्दल त्यांना हवं तेवढं बोलू दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली, तेव्हा मी कागद पुढे घेतला.

शब्द आठवायच्या वेळी त्यांनी डोळे मिटले. दोन लगेच आले. मग बराच वेळ काही नाही. मी गप्प बसले. तिसरा आला, आणि अगदी शेवटी चौथा.

२५. सरावाचा एखाद-दुसरा गुण त्यात असेलही. आणि २६ ला एक कमीच आहे. "म्हणजे आईला काही नाही ना?" असं मुलाने विचारलं, तेव्हा हो म्हणणं मला शक्य नव्हतं. गॅसची तक्रार खरी होती. रक्ततपासणी, ऐकण्याची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, हे सगळं लिहून दिलं. अहवालात दोन्ही आकडे घातले आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी खोलीत कोण होतं, आधी काय बोलणं झालं होतं, तेही लिहिलं.

मुलाला एकच गोष्ट करायला सांगितली, सकाळी तारीख-वार विचारणं बंद करायची. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, मी तिचा सराव घेतोय."