ॲरिझोनातल्या शाळा: पैसे आहेत, खर्चाला बंदी

फिनिक्स-चँडलर भागात मुलं सरकारी शाळेत असली, की एखाद्या फेब्रुवारीत ‘मोठी कपात होऊ शकते’ असं पत्र घरी येतं. तिजोरीत खडखडाट नसतो. विधिमंडळाने पैसे मंजूर केलेले असतात. आडवी येते ती राज्यघटना.

१९८०च्या घटनादुरुस्तीनुसार राज्यातल्या सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचा) एकत्रित खर्च ठरावीक मर्यादेत राहावा लागतो. पाया १९७९-८०च्या खर्चाचा. त्यावर विद्यार्थिसंख्या आणि महागाईचा हिशेब. मेख अशी की संख्या आदल्या वर्षीची धरतात. कोविडमध्ये पट घटला आणि २०२१-२२ची मर्यादा आक्रसली. त्यात शाळांसाठीचा ०.६ टक्के विक्रीकर. जुन्या कराचा पैसा मतदारांनी मर्यादेबाहेर ठेवला होता. २०१८ मध्ये विधिमंडळाने कर पुढे चालू ठेवला, पण ती सूट नव्या कायद्याला लागू झाली नाही. परिणामी खर्च मर्यादेपेक्षा सुमारे ११५ कोटी डॉलरनी जास्त निघाला.

अशा वेळी मर्यादा ओलांडायची सूट द्यायला १ मार्चपर्यंत दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात: साठांपैकी ४० आणि तिसांपैकी २०. राज्यपालांची सही लागत नाही. सूट फक्त त्या एका वर्षापुरती. ती २०२२ मध्ये मिळाली, २०२३ मध्येही मिळाली. नसती मिळाली, तर वार्षिक बजेटच्या सुमारे १६ टक्के रक्कम एप्रिल ते जून या तीन महिन्यांतून कापावी लागली असती, म्हणजे उरलेल्या पैशांतले जवळजवळ दोन-तृतीयांश. एवढ्यात पगारसुद्धा भागत नाहीत.

चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांना, ही मर्यादा नाही. त्यांचा कायदा १९९४चा, या घटनादुरुस्तीनंतरचा. त्याच करावर चालणाऱ्या दोन शाळांना दोन न्याय, हे मला तरी पटत नाही.

कम्युनिटी कॉलेजांची (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांची) खर्चमर्यादा डिस्ट्रिक्टगणिक वेगळी. तिथे डोकी मोजत नाहीत, वर्षाला ३० क्रेडिट म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी. नोकरी सांभाळून १५ क्रेडिट घेणारे दोघे मिळून एक धरले जातात. प्रवेश, समुपदेशन, पार्किंग मात्र दोघांनाही लागतं. पट घसरला की मर्यादाही घसरू शकते, नर्सिंगच्या प्रयोगशाळेचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

घटनेतलं हे मर्यादेचं कलम कायमचं बदलायला विधिमंडळात साधं बहुमत पुरतं, पण पुढे सार्वमत. व्हिसावर असलेल्यांना मत नाही. तरी आपल्या मतदारसंघातल्या एका सिनेटरला आणि दोन प्रतिनिधींना ईमेल करता येतो. तो जानेवारीतच करावा.