कांद्याचा पापुद्रा, चमचाभर मीठ आणि पेशीचं पटल

पेशीची जी आकृती आठवीपासून वहीत काढून घेतली जाते, तिच्यात सगळी अंगकं, म्हणजे पेशीच्या आतले छोटे भाग, एकाच वेळी आणि साधारण एकाच मापाची दिसतात. मग पोरं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघतात आणि म्हणतात, "यात तर काहीच नाहीये." विटांसारखे चौकटी आकार, प्रत्येकात एक ठिपका, बाकी मोकळं. ते मोकळं दिसतं ती रिक्तिका, रसाने भरलेली पिशवी. कांद्याच्या पेशीचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला असतो. पेशीद्रव्याचा पातळ थर आणि केंद्रक भिंतीकडे ढकलले जातात. केंद्रक कधी पेशीच्या मधोमध दिसलं, तर ते बहुधा आपल्या बाजूच्या किंवा खालच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि आपण वरून बघत असतो.

माझं मत असं की पेशी शिकवताना अंगकांची यादी नंतर घ्यावी आणि आधी पटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचं पातळ आवरण, काम करताना दाखवावं. त्यासाठी लागतं ते सगळं ठाण्यात किंवा वाशीत एका फेरीत मिळतं.

कांदा घट्ट आणि पाणीदार हवा. पावसाळ्यात बाजारात असतो तो बहुतेक कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. त्याच्या बाहेरच्या पाकळ्या सुकलेल्या असतात आणि पापुद्रा फाटतो. दोन पाकळ्या सोडा, तिसरी घ्या. तिचा तुकडा कापून मधोमध मोडा, म्हणजे आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा कडेला सुटतो. तो चिमट्याने ओढून लगेच पाण्यात टाका. हवेत दोन मिनिटं राहिला तरी गुंडाळी होते. पाण्यातच त्याचा पाच मिलिमीटरचा चौकोन कापा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ब्रशने सपाट करा आणि मग रंग द्या.

रंगासाठी प्रयोगशाळेतलं सॅफ्रानिन नसलं तरी अडत नाही. मेडिकलमधलं बीटाडीन एकास पाच पाण्यात पातळ करून चालतं. केंद्रक पिवळट तपकिरी दिसतं. मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या बुरशीवर मिथिलीन ब्लू मिळतं, त्याचा एक थेंब दहा थेंब पाण्यात. त्याच दुकानात हायड्रिला ही वनस्पतीही मिळते, तीही घेऊन ठेवा. रंग दोन मिनिटांच्या वर ठेवला की सगळंच निळं होतं आणि केंद्रक शोधत बसावं लागतं. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून तिरकी सोडायची. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि दर वर्गात कुणीतरी बुडबुड्यालाच पेशी समजून आकृती काढतं. ओळखायची खूण सोपी: बुडबुडा अगदी गोल, कडा जाड आणि काळी.

आधी १०× ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग), मग ४०×. चाळीसवर गेल्यावर मोठा स्क्रू फिरवायचा नाही, कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावर चरा पडतो. चित्र फिकट दिसत असेल तर दिवा वाढवू नका, प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम थोडा मिटा. आपल्याकडच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी चढते. सूक्ष्मदर्शक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की वाळवा.

माप काढल्याशिवाय स्लाइड काढू नका. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) '१०×/१८' असं लिहिलेलं असेल, तर १०× ऑब्जेक्टिव्हखाली दिसणारं वर्तुळ १.८ मिलिमीटर रुंद असतं आणि ४०× खाली ०.४५ मिलिमीटर. १०× च्या वर्तुळात लांबीने सहा पेशी बसल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर. आपल्या गालाच्या आतली पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन, तांबडी रक्तपेशी सात ते आठ आणि बरेचसे जीवाणू एक-दोन मायक्रॉन. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रॉन, म्हणजे २०० नॅनोमीटर. पेशीपटल सात-आठ नॅनोमीटर जाड असतं. त्यामुळे पटल म्हणून जी रेघ आपण बघतो ती पेशीद्रव्याची कड असते. खुद्द पटल या यंत्रात दिसणं शक्यच नाही.

पण पटल काय करतं ते दिसतं. इथे लाल-जांभळा कांदा घ्या आणि पापुद्रा आता पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर, रंगीत बाजूचा काढा. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, म्हणून वेगळा रंग द्यावा लागत नाही. सोसायटीच्या बागेत कडेने लावलेलं ऱ्हिओ हे शोभेचं झाड असेल, तर त्याच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा याहून सुंदर दिसतो.

मिठाचं ५ टक्के द्रावण करा: ५ ग्रॅम मीठ, पाणी घालून १०० मिलीलीटर. वजनकाटा नसला तर सपाट चहाचा चमचा मीठ जवळपास तेवढंच भरतं. पापुद्रा आधी साध्या पाण्यात बघा. रंग भिंतीपर्यंत भरलेला दिसेल. मग स्लाइड न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा. पाणी ओढलं जातं तसं मीठ आत येतं. एक-दोन मिनिटांत पेशीच्या कोपऱ्यांतून रंग मागे सरकायला लागतो आणि पाचेक मिनिटांत मधोमध जांभळा गोळा उरतो. भिंत जागची हलत नाही. हा रससंकोच.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथे ठरलेला प्रश्न असतो: भिंत आणि आक्रसलेला गोळा यांच्या मधल्या जागेत काय आहे? 'हवा' किंवा 'काही नाही' असं उत्तर आलं की गुण गेले. तिथे मिठाचं पाणी आहे. सेल्युलोजची भित्तिका मीठ आणि पाणी दोन्ही आत सोडते. मिठाला अडवतं ते पटल, म्हणून फक्त पेशीतलं पाणी बाहेर जातं.

आता उलट दिशेने साधं पाणी सोडा. काही मिनिटांत गोळा फुगून पुन्हा भिंतीला टेकतो. टेकला नाही, तर एकतर द्रावण फार तीव्र होतं किंवा पापुद्रा त्यात अर्धा तास पडून होता आणि पटल मेलं. याची खात्री करायची तर दुसरा तुकडा दोन-तीन मिनिटं पाण्यात उकळा. रंग भांड्यातल्या पाण्यात उतरलेला दिसेल, आणि अशा तुकड्याला कितीही मीठ लावा, रससंकोच होत नाही. भिंती शाबूत, आकार शाबूत, पण पटलाची निवड संपलेली. जिवंत आणि मेलेल्या पेशीतला फरक इतका स्वस्तात दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. तरी बहुतेक वर्गांत उकळायची पायरीच गाळतात.

पाणी पटलातून जातं कुठून? पटल म्हणजे फॉस्फोलिपिडचे दोन थर. त्यांतून थोडं पाणी झिरपतं, पण मोठी वाट ॲक्वापोरिन या प्रथिनाच्या नळ्यांची. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जाऊ शकतात, आणि तरीही हायड्रोजनचा आयन त्यातून सुटत नाही. हे पुढे कामाला येतं. ताज्या पानाच्या पेशीत आतून भिंतीवर पाच ते दहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेहून दुप्पट ते चौपट. कोथिंबीर ताठ राहते ती या दाबावर.

हाच हिशोब ठाणे खाडीला लावून बघा. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार, परासरण दाब, म्हणजे पटलातून पाणी ओढून घ्यायचा जोर, सुमारे २५ वातावरणांचा. आपला कांदा त्यात ठेवला तर आक्रसणारच. ऐरोलीच्या किनाऱ्यावर तिवर ही खारफुटी मात्र रोज भरतीच्या पाण्यात उभी. तिची मुळं पाणी घेताना बराचसा क्षार बाहेरच अडवतात. जो आत येतो त्यातला काही पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावर पांढरे कण दिसतात, जीभ लावली तर खारट लागतात. उरलेला क्षार रिक्तिकेत साठवला जातो. रिक्तिका खारी आणि पेशीद्रव्य गोडं राहिलं तर पेशीद्रव्याचंच पाणी रिक्तिकेत जाईल, म्हणून पेशीद्रव्यात तिवर ग्लायसिन बीटेन नावाचा पदार्थ साठवते. तो विकरांना (एन्झाइमांना) त्रास न देता पाणी धरून ठेवतो. पेशीच्या आत रिक्तिकेलाही स्वतःचं पटल आहे, हे इथे नीट कळतं. पुस्तकात ते एका ओळीत उरकतात.

खाडीतले रोहित पक्षी, विशेषतः छोटे रोहित, खातात त्या खाद्यात नीलहरित जीवाणू असतात. त्यांना केंद्रक नाही, हरितलवक (प्रकाशसंश्लेषणाचं अंगक) नाही, तंतुकणिका (ऊर्जेचं अंगक) नाही. प्रकाशसंश्लेषण तरीही चालतं, कारण त्याला लागणारी पटलं पेशीद्रव्यातच पसरलेली असतात. अंगक नसलं तरी चालतं, पटल हवंच. जीवाणूंचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ७०एस प्रकारचे, आपल्या पेशीद्रव्यातले ८०एस. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, ते जीवाणूच्या रायबोसोमला चिकटतं. आपल्या ८०एसवर त्याची पकड फारच कमी.

आता तंतुकणिका. 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' एवढं लिहून सगळे पुढे जातात, पण काम कसं होतं हे पुन्हा पटलातच आहे. तिला दोन पटलं. अन्नातून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर हायड्रोजनचे आयन आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येतात ते एटीपी सिंथेज या प्रथिनातून, त्याला फिरवत. त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशी वापरते तो ऊर्जेचा रेणू, तयार होतो. पटल गळकं असतं, किंवा ॲक्वापोरिनमधून आयनही सुटत असते, तर साठाच झाला नसता. पीटर मिचेल यांना याच कल्पनेसाठी १९७८ चं नोबेल मिळालं. एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी हा आजचा धरला जाणारा आकडा. जुन्या गाइडांतला ३६ किंवा ३८ परीक्षेत लागला तर लिहा, पण पटलातून होणारी गळती आणि वाहतुकीचा खर्च त्यात धरलेला नसतो.

हायड्रिला शेवटी. पान कापायचं नाही, अख्खं टोकाकडचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवायचं. ते दोनच पेशी जाड असतं. पाच मायक्रॉनची हिरवी हरितलवकं लगेच दिसतात. दिव्याखाली पाच-दहा मिनिटं थांबा आणि मधल्या शिरेजवळ बघा, ती भिंतीच्या कडेने रांगेत फिरायला लागतात. फिरली नाहीत तर पाणी फार गार आहे किंवा पान शिळं. पाणी कोमट, ३० अंश सेल्सियसच्या आतबाहेर, चांगलं.

जर्नलमध्ये ४००× लिहून त्याखाली जे दिसलं तेवढंच काढा: भित्तिका, पेशीद्रव्याची कड, केंद्रक, रिक्तिका, आणि हायड्रिलात हरितलवकं. कांद्यात हरितलवक काढू नका, जमिनीखालच्या पाकळीत ते नसतं. गॉल्गी संकुल आणि रायबोसोम काढले, तर परीक्षक स्लाइड पुढे करून 'दाखव' म्हणतो.