घरात आणखी कोणाला खाजतंय?

गेवराईतल्या आमच्या मेडिकलवर एक प्रश्न बाराही महिने येतो. ऊसतोडीहून माणसं परतली की जास्तच. "महिना झाला, पुटकुळ्या उठल्यात, खाज थांबत नाही. कोणती ट्यूब लावू?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी आधी दोन गोष्टी विचारतो. खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला खाजतंय का? दोन्हीला 'हो' आलं, आणि पुटकुळ्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती असल्या, तर बहुतेक खरूजच निघते. लेकरांच्या नुसत्या पायांवर असल्या तर डास-पिसवांचा संशय. गाजर गवत उपटणाऱ्यांचा चेहरा, मान नि कोपराची लवण पेटते. त्याचा इलाज निराळा.

खरूज म्हटलं की माणसं खाली बघतात. लाजू नका हो. बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. एका कोपीत (झोपडीत), एका वाकळीखाली सगळं घर झोपतं, तिथं तो एकाकडेच कसा राहील? पहिल्या लागणीनंतर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे जातात. म्हणून ज्याला आज खाजत नाही, त्यालाही औषध हवंच. एकानेच लावलं तर दुसऱ्याकडून परत येते.

डॉक्टर बहुधा 5 टक्के परमेथ्रिन, म्हणजे हा किडा मारणारं मलम, देतात. सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचं. 8 ते 14 तासांनी अंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टँकरच्या पाण्यावर घर चालवणाऱ्या बाईला 'सगळं उकळून धू' असं मी सांगूच शकत नाही. अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. वाकळा प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवल्या तरी भागतं.

'लगेच आराम' देणारी मिश्र ट्यूब मात्र मागू नका. तिच्यातल्या स्टिरॉइडने खाज दबते, किडा राहतो, आणि पुरळ डॉक्टरांनाही ओळखू येईनासं होतं.

औषधानंतर 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. म्हणून रोज परमेथ्रिन चोळू नका. त्यानंतरही नव्या पुटकुळ्या आल्या किंवा पू झाला, तर डॉक्टरांना दाखवा. खरूज पिकलेल्या लेकराचं तोंड सुजलं, लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं.