गेरूची रेघ

आज सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेत 1995 च्या जूनमध्ये मी पहिलीला आले. दिवाळी झाली आणि मी आई-दादांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर, म्हणजे ऊसतोडीला गेले. हजेरीपटावर नाव तेवढं राहिलं. बीडकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, आई-दादा मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, आणि ते पहाटे फडात गेले की आमच्या कोपीपाशी, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी बारक्या भावाला सांभाळायचं काम माझं. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून गावी परतलो तेव्हा वर्ष सरत आलं होतं. सहामाहीपर्यंत शिकलेली अक्षरंसुद्धा मी विसरले होते.

दुसरीच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला गुरुजी आमच्या वस्तीवर आले. ओट्यावर बसून दादांना म्हणाले, "पोरीला आजीपाशी ठेवा."

"अन् बारक्याला कोण बघंल, गुरुजी?"

"त्यालाही ठेवा. ती शाळेत घेऊन येईल."

मग त्यांनी हिशोब मांडला. महिन्याची हजेरी 80 टक्के भरली की 3 किलो तांदूळ. शिवाय 1992 पासून आमच्यासारख्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याच्या दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता होता. त्याला 75 टक्के हजेरी लागे. ज्या मुलींना या दोन्हींची सगळ्यांत जास्त गरज, त्या फडावर गेल्यामुळे टक्केवारीत बसतच नसत, हे मला स्वतः शिक्षिका झाल्यावर उमगलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की आम्ही दोघं राहणार. आई गाडीत बसताना रडली.

आम्ही राहिलो खरे, पण रोज उशीर व्हायचा. पाणी भरायचं, शेरडं सोडायची, बारक्याला कडेवर घेऊन अर्धा तास चालायचं. शाळेजवळ यायच्या आत प्रार्थना सुरू झालेली ऐकू आली की पाय जड व्हायचे. सगळी पोरं हात जोडून उभी असताना आपण मधूनच कसं जायचं? दोनदा मी लिंबाखालून माघारी फिरले. आज माझ्या वर्गातली एखादी मुलगी सलग उशिरा येऊ लागली की मी धास्तावते. उशिराची लाजच पुढे गैरहजेरी होते, हे मी अंगावर काढलं आहे.

गुरुजींनी मला वर्गाबाहेर कधी उभं केलं नाही. "आलीस ना? बस," एवढंच म्हणायचे. एका रविवारी मात्र ते पुन्हा वस्तीवर आले. आजी म्हणाली, "गुरजी, मला घड्याळ कळंना, मी कशी धाडू येळंवर?" गुरुजी दहा वाजेपर्यंत थांबले. अंगणात घराची सावली जिथवर पोचली होती, तिथे त्यांनी गेरूने रेघ ओढली. "मावशी, सावली सरकत या रेघेवर आली की पोरगी वाटेला लागली पाहिजे."

दिवस लहान झाले तशी सावली लांबली आणि रेघ चुकू लागली. गुरुजी आले, दुसरी ओढली. संक्रांतीनंतर तिसरी. आजी सडा घालताना रेघेवर पाणी पडू द्यायची नाही. कधी सावली जवळ आली की भाकरी थापता थापता ओरडायची, "ऊठ, रेघ आली!" ढगाळ दिवशी ती अंदाजाने धाडायची. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि शाळेच्या बंद दारापाशी बारक्याला पाटीवर गिरवायला शिकवायचे. शाळेत नाव घालायच्या आधीच त्याला मुळाक्षरं येत होती.

आता कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान 200 दिवस शाळा भरते. फडावर जाणाऱ्या लेकराच्या वाट्याला त्यातले जेमतेम निम्मे येतात. आज आई-बाप फडावर असताना मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं आहेत, तरी दिवाळीनंतर वर्गात जागा रिकाम्या दिसतात. म्हणून दसऱ्याच्या आधीच मी घरोघर जाते. मुलांना कोण सांभाळणार, सकाळी कोण उठवणार, हे ठरेपर्यंत उठत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. 1996-97 चा दुसरीचा हजेरीपट शाळेच्या कपाटात असेल, तर तो मला एकदा बघू द्यावा. दिवाळीनंतरची पानं आजीच्या फोटोसमोर वाचायची आहेत.