वीतभर आत गेलं की अडकणारं सागवान

मखराच्या जाळीचं काम तीन आठवडे का रखडलं होतं, ते काल रात्री भांडुपच्या गाळ्यावर एकदाचं कळलं. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की टेबल सॉचं (टेबलाच्या फटीतून पातं वर येणारी करवत) जुनं ३.२ मिमीचं पातं काढून २.४ चं पातळ पातं चढवलं. हिशोब साधा होता. गिरगावातल्या चाळीच्या चौकटीचं सागवान पुन्हा मिळणार नाही. १०० मिमी रुंदीतून ६ मिमीच्या पट्ट्या काढायच्या, तर जुन्या पात्याचा एक सूत (३.२) कर्फ, म्हणजे दातांनी खाल्लेल्या फटीची रुंदी, धरला की ११ निघतात आणि २.४ ला १२. एका पट्टीसाठी नवं पातं घेतलं.

आणि दर वेळी तेच! लाकूड लोण्यासारखं आत जायचं आणि वीतभर गेलं की ठप्प. मोटर गुरगुरायची, जळका वास यायचा. दात बोथट असतील म्हणून पातं साफ केलं, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) पुन्हा पात्याला समांतर लावला, चौकटीत एखादा खिळा राहिलाय का म्हणून चुंबकही फिरवलं. काही नाही. शेजारच्या लेथवाल्या काकांनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "रोज त्याच जागी कसं रे अडकतं?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. २५४ मिमी व्यासाचं पातं टेबलाच्या वर ४५ मिमी काढलं की टेबलापाशी त्याची लांबी भरते साधारण १९४ मिमी. म्हणजे वीतभर. त्याच्या लगेच मागे रायव्हिंग नाइफ, कापलेली फट मिटू न देणारी पोलादी पट्टी. रॉकेलच्या बोळ्याने त्याच्यावरचा भुसा आणि राळ पुसली, तर खाली कोरलेलं दिसलं: २.५. कर्फ २.४ आणि नाइफ २.५! लाकूड पात्याला अडतच नव्हतं, मागच्या नाइफवर जाऊन आपटत होतं.

नाइफ काढून काम उरकायचा सल्ला दोघांनी दिला. मी काढणार नाही. जुन्या सागवानात ताण असतो, चिरताना फट मिटते आणि पात्याला आवळते. मग लाकूड उलटं अंगावर येतं. नाइफ प्लेटपेक्षा (दात सोडून पात्याची चकती) जाड आणि कर्फपेक्षा बारीक हवा.

म्हणून आज सकाळी नागदेवीच्या हत्यारबाजारात गेलो, जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात घालून. दुकानदार व्यास आणि दात सांगतात, प्लेटची जाडी विचारली की "सगळ्याला चालतं" म्हणतात. चालत नाही! पात्यावरचं २५४×२.८/१.८×३० हे स्वतः वाचा: व्यासानंतर आधी कर्फ, मग प्लेट, शेवटी मधलं भोक. हेच पातं घेतलं, २४ दाती. प्लेट १.८, नाइफ २.५, कर्फ २.८: बरोबर बसलं. दुपारी पहिली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता निघाली. कापलेल्या अंगावर बोट फिरवत बराच वेळ उभा होतो.

पण मग २.८ ने पट्टी कमी झाली ना? हे लिहितानाच पुन्हा मांडून बघितलं. २.४ च्या पातळ प्लेटने त्या वीतभरातही लहरी उठल्या होत्या, दोन्ही अंगांना अर्धा अर्धा मिमी रंधा लागला असता. म्हणजे पट्टी ७ ची कापायची आणि १०० मध्ये १० च निघणार. २.८ ला रंधा निम्माच, ६.५ पुरते, ११ निघतात. इतके दिवस मी फक्त कर्फ मोजत होतो, रंधा धरलाच नव्हता.

आता जाळीच्या खाचा. उद्या याच पात्याने मारणार होतो, पण ६ मिमीच्या खाचेला २.८ चे दोन फेर मारले तर ५.६ होतात, तिसरा फेर लागतो. जुन्या ३.२ च्या पात्याचा एक फेर मारून, फेन्स २.८ मिमीने सरकवून दुसरा मारला की बरोब्बर ६. त्याची प्लेट २.२, म्हणजे हाच नाइफ चालतो. माळ्यावर टाकलेलं जुनं पातं उद्या खाली काढतो, आधी रद्दी तुकड्यावर एक खाच मारून बघेन.