जुन्या पिशव्यांचे वय

वाणसामानाच्या जुन्या कागदी पिशव्या आणि वेष्टने जमवणाऱ्याला लोक हमखास विचारतात की ही रद्दी कशासाठी. मला मात्र जी वस्तू फेकून देण्यासाठीच बनवली गेली, तिचे टिकून राहणे हेच तिचे मोल वाटते. वेष्टनावर छपाईचे साल क्वचितच असते, म्हणून वय खुणांवरूनच ठरवावे लागते. दुकानात विक्रीसाठी बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात. त्यामुळे बारकोड छापलेले खोके कोणी १९५०च्या दशकातले म्हणून विकू लागला, तर सरळ पाठ फिरवावी. सपाट तळाच्या पिशव्या बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकन संशोधक मार्गारेट नाइट यांना १८७१ मध्ये मिळाले; म्हणून पिशवी हाती आली की ती उलटी करून तळाच्या घड्या आणि खळीचा पट्टा मी आधी पाहतो, चित्र नंतर. लाकडातील लिग्निन या घटकामुळे स्वस्त कागद उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होऊन नेमका घडीवर तुटतो, म्हणून पिशव्या आम्लरहित कागदात, अंधाऱ्या व कोरड्या जागी आडव्या ठेवाव्यात. चिकटपट्टी तर कदापि लावू नये, कारण तिचा तपकिरी डाग मूळ फाटण्याहून वाईट दिसतो.